दुखणं कुठल्या खात्याचं?

बडोद्याच्या स्टेशनातून सयाजीगंजाच्या बाजूला बाहेर पडलं की रिक्षावाला आधी तुमच्या हाताकडे बघतो. चाकांची बॅग दिसली तर हॉटेलचं नाव घेतो, पाठीला सॅक दिसली तर युनिव्हर्सिटीचं. एक्स-रेचं मोठं पाकीट काखेत असेल, तर फार बोलावं लागत नाही. ‘एसएसजी?’ एवढंच विचारतो. काळ्या घोड्यावरून, म्हणजे सयाजीबागेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सयाजीराव महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यावरून, विश्वामित्रीचा पूल ओलांडला की सर सयाजीराव जनरल रुग्णालय. डफरिनसाहेबांच्या मडमेच्या नावानं सुरू झालेला दवाखाना. पुढे त्याला सयाजीरावांचं नाव मिळालं आणि १९४९ साली निघालेलं बडोदा मेडिकल कॉलेज त्याला जोडलं गेलं. गोध्रा, दाहोद, छोटा उदेपूर, पलीकडे मध्य प्रदेशातलं झाबुआ, अलिराजपूर, अशा सगळ्या टापूतला माणूस मोठं दुखणं झालं की याच रस्त्यानं येतो. ज्याची थोडी ऐपत आहे तो सयाजीगंजातच थांबतो, कारण तपासण्यांच्या लॅबा, स्कॅनची केंद्रं, खासगी दवाखाने आणि औषधांची दुकानं इथे हाताच्या अंतरावर आहेत.

कॅन्सरचा रोगी या भागात अनेक दारं ठोठावतो. गाठ काढणारे डॉक्टर वेगळे, शेक देणारे वेगळे (रेडिएशनला गुजरातेत सर्रास शेकच म्हणतात), केमोवाले वेगळे. रक्त तपासणारा, गाठीचा तुकडा तपासणारा, स्कॅन वाचणारा, असे प्रत्येक कामाला कोणीतरी नेमलेले आहेत. फक्त ‘रात्री झोप लागते का?’ हा प्रश्न कुणाच्या कामात बसत नाही. दुखणं हे कुठल्याच खात्याचं नाही, म्हणून ते मागे राहतं. या लेखात मला मांडायचंय ते मुख्यतः एवढंच. पण ‘एवढंच’ म्हणताना त्यात कायदा, पैसा, अफूची शेती आणि घरातली चूपचाप असं बरंच काही येतं.

सोयीसाठी आपण एक गृहस्थ धरू, त्यांना काका म्हणू. वय ६२. दांडिया बाजारातलं जुनं मराठी घर. पणजोबा गायकवाडीत कारकून म्हणून आले ते इथलेच झाले. घरात मराठी, जिना उतरला की गुजराती. नोकरी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात, आणि तिथेच पाळीवर लागलेली माव्याची सवय. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदात चोळून गालात धरायचा. गुटख्यावर महाराष्ट्रात आणि गुजरातेत २०१२ साली बंदी आली. मावा पानवाला समोरच घोटून देतो, त्याला पुडीवरचं नाव लागत नाही. काकांच्या गालात आतून जखम झाली, ती महिनाभर जेल लावून भरली नाही, तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, सहा आठवडे शेक झाला, वर्ष बरं गेलं. मग मानेत गाठ आली. आता ऑपरेशन शक्य नाही म्हणतात. केमो सुरू आहे.

काका ओपीडीत बसतात तेव्हा डॉक्टर ‘कसं वाटतंय?’ असं विचारतात आणि काका ‘ठीक आहे’ म्हणतात. खोटं बोलायची ही सवय बहुतेक रोग्यांना असते आणि तिच्यामागे चांगला हिशोब असतो. फार दुखतंय म्हटलं तर डॉक्टर ‘अंगाला झेपत नाही’ म्हणून केमो थांबवतील, अशी भीती. केमो थांबला म्हणजे सगळं थांबलं. शिवाय बाहेर पन्नास माणसं उभी. मग हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, क्रिएटिनिन बघून पुढची तारीख पडते. दुखण्यासाठी चिठ्ठीत सर्वांत खाली एक गोळी लिहिलेली असते, ‘गरज पडल्यास’. काका दिवसभर गरज पडू देत नाहीत. रात्री तीन वाजता पडते. तेव्हा काकू उठून बसतात, पाठ चोळतात, आणि सकाळी मुलाला फोनवर ‘रात्री जरा झोप नव्हती’ असं सांगतात.

ही रात्र टाळता येते, आणि ती कशी टाळायची हे वैद्यकाला गेली कित्येक दशकं ठाऊक आहे. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रोग्यांचं शुश्रूषागृह, काढलं. नर्स म्हणून शिकलेल्या, मग रुग्णालयात समाजसेवक म्हणून काम केलेल्या आणि त्यानंतर डॉक्टर झालेल्या या बाईंनी धरलेला आग्रह साधा होता: दुखायला लागल्यावर औषध देऊ नका, दुखायच्या आधी द्या, घड्याळ लावून द्या. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली तीच गोष्ट पायऱ्यांच्या रूपात जगापुढे ठेवली. सौम्य वेदनेला साधी गोळी, पुढे कोडिनसारखी, आणि तीव्र वेदनेला तोंडानं घ्यायचं मॉर्फिन.

मॉर्फिनची साधी गोळी चार तास काम करते. त्यामुळे सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा असं वेळापत्रक बनतं. रात्री दोनला उठवायचं नसतं, म्हणून दहाची मात्रा दुप्पट. त्याच दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतोच. ते लिहायला विसरलं की रोगी चौथ्या दिवशी गोळी सोडतो आणि ‘मला मॉर्फिन सोसत नाही’ असं कायमचं ठरवून टाकतो. पहिले दोन-तीन दिवस मळमळ, थोडी गुंगी. मग ती ओसरते. कळ कमी झाली नाही तर मात्रा वाढवायची, आणि ती वाढवली म्हणजे मरण जवळ आलं असा अर्थ काढायचा नाही. हे सगळं एका कागदावर, घड्याळाच्या चित्रांसकट, काकूंना समजेल असं लिहून द्यावं लागतं. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. ओपीडीत ती नसतात.

मानेवरची गाठ फुटली की दुसरा प्रश्न येतो, आणि त्याविषयी दिवाळी अंकात लिहू नये असं कुणी म्हणेल. पण घर सर्वांत आधी त्यानंच मोडतं. जखमेला वास येतो. पाहुणे दारातूनच विचारपूस करून परततात, नातवाला आत पाठवत नाहीत, आणि काकांना हे सगळं कळत असतं. इथे उपाय जवळजवळ फुकट आहे. पाणी उकळून, मीठ घालून, गार करून त्यानं जखम धुवायची. जुना गॉज ओढून काढायचा नाही, भिजवून सुटा करायचा. मेट्रोनिडॅझोल, म्हणजे आपण जुलाबाला घेतो तीच गोळी, कुटून तिची पूड जखमेवर भुरभुरायची. वास निर्माण करणारे जंतू तिनं मरतात. काही दिवसांत वास उतरतो आणि नातू पुन्हा आजोबांच्या पलंगावर चढतो. कॅन्सर तिथेच असतो. पण हे शिकवायला घरी कुणीतरी यावं लागतं, आणि काकूंचा हात धरून पहिलं ड्रेसिंग करून दाखवावं लागतं.

पॅलिएटिव्ह केअर म्हणतात ती ही. उपचार संपल्यावर ती द्यायची, असा समज डॉक्टरांमध्येही आहे आणि घरच्यांमध्येही. ‘अजून ती वेळ आलेली नाही’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकू येतं. हा समज हलवणारा अभ्यास २०१० साली आला. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात जेनिफर टेमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरचे १५१ रोगी घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच उपचारांबरोबर निदानापासूनच पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटाचे दिवस अधिक बरे गेले, खिन्नता कमी राहिली, अखेरच्या काळात अंगावर येणारे उपचार कमी झाले. आणि मध्यक आयुष्य ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने निघालं. पुढे अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं पुढच्या टप्प्यातल्या रोग्यासाठी निदानानंतर आठ आठवड्यांच्या आत ही सेवा सुरू करावी असं सांगितलं.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगितली जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग आपल्या रोग्यांवर, म्हणजे तोंड-घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरवर करून पाहिला. १८० रोगी. तीन महिन्यांनी मोजलं तेव्हा दोन्ही गटांच्या जगण्याच्या प्रतीत ठळक फरक दिसला नाही, आयुष्यातही नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. त्यावरून पॅलिएटिव्ह केअर निरुपयोगी ठरते असं मी म्हणणार नाही. टाटामध्ये नेहमीच्या उपचारातही वेदनेकडे इतर ठिकाणांपेक्षा अधिक लक्ष जात असणार, आणि तोंडाच्या कॅन्सरचा वेग, खाणं-बोलणं बंद होणं हे बॉस्टनच्या फुप्फुसाच्या रोग्यापेक्षा वेगळं आहे, असा माझा अंदाज. पण ‘लवकर सुरू करा, आयुष्य वाढेल’ अशी घोषणा घेऊन लोकांपुढे जाऊ नये, एवढं त्यातून कळतं. काकांना कळ कमी व्हायला हवी, ती होते. तिचं समर्थन करायला वाढीव महिन्यांची लाच कशाला हवी?

याच पाटलांच्या गटाचं दुसरं काम या विषयाला अधिक जवळचं आहे, जरी त्यावर पॅलिएटिव्ह अशी पाटी नसली तरी. ऑपरेशनच्या पलीकडे गेलेल्या तोंड-घशाच्या कॅन्सरसाठी दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन देतात. त्याऐवजी त्यांनी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब दिलं. स्वस्त, जुनी, गोळीच्या रूपातली औषधं. २०२० साली छापलेल्या ४२२ रोग्यांच्या अभ्यासात गोळ्या घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ७.५ महिने, सलाइनवाल्यांचं ६.१. म्हणजे जे घरी बसून घेता येतं, ते इस्पितळातल्या बाटलीपेक्षा सरस ठरलं. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या कळेचंही असंच आहे: दहा दिवस शेक देण्याऐवजी एकाच बैठकीत मोठी मात्रा दिली तरी कळ तितकीच कमी होते, हे अनेक अभ्यासांनी दाखवलंय. पुन्हा शेक लागण्याची शक्यता वाढते, इतकंच. अलिराजपूरहून एसटीनं येणाऱ्याला दहा चकरा आणि एक चक्कर यांत काय फरक पडतो, हे त्याच्या बरोबर येणाऱ्या मुलाच्या बुडालेल्या मजुरीत मोजावं. कॅन्सरच्या उपचारात पॅलिएटिव्ह केअर मिसळणं म्हणजे माझ्या लेखी हे: उपचार निवडतानाच रोग्याचे किती दिवस खर्ची पडणार, हा प्रश्न टेबलावर असणं. वेगळी खोली, वेगळी पाटी हा नंतरचा भाग.

आता मॉर्फिन. सयाजीगंजातल्या औषधांच्या दुकानात केमोनंतरची महागडी इंजेक्शनं मागवून मिळतात, पण काही रुपयांची ही गोळी साध्या दुकानात मिळायची नाही. अमली पदार्थांचा कायदा १९८५ साली आला, त्यात किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होती, आणि एकेका साठ्यासाठी अनेक खात्यांचे परवाने गोळा करावे लागत. एकाची मुदत येईपर्यंत दुसऱ्याची संपे. इस्पितळांनी आणि दुकानदारांनी सरळ हात झटकले. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरून १९९७ साली अवघ्या १८ किलोवर आला. एवढ्या मोठ्या देशाचं वर्षभराचं दुखणं, आणि १८ किलो.

यातली खोच बडोदेकराला जास्त टोचावी अशी आहे. मॉर्फिन बनतं अफूपासून, आणि भारत हा अफूचा चीक कायदेशीरपणे काढणारा देश. सरकारी परवान्यानं ती पिकते ती मुख्यतः मंदसोर, नीमच, चित्तोडगढ या पट्ट्यात. मंदसोर-नीमच हा तर जुना शिंद्यांचा मुलूख. नीमचला सरकारी अफू कारखाना आहे, दुसरा गाझीपूरला. बडोद्याहून गोध्रा, दाहोद करत रतलामला जाणारी गाडी त्या पट्ट्याच्या तोंडाशी नेऊन सोडते. त्याच गाडीनं उलट दिशेला कळवळत आलेला रोगी बडोद्याला उतरतो. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं जगाचा हिशोब मांडला तेव्हा भारतात गरजेच्या सुमारे ४ टक्केच वेदनाशामक अफूजन्य औषध पोचतं असा आकडा निघाला.

कायदा २०१४ साली बदलला. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं दिल्लीच्या दारात उभं राहून तो बदलून घेतला. आता मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन वगैरे औषधांना ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळं काढलंय. संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. वेदनाशमनाचं शिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, वहीत नोंद हवी, साठ्याचा हिशेब हवा. म्हणजे कायद्याचं कुलूप निघून दहा वर्षं उलटली. भीतीचं आहे. ती डॉक्टरांच्या एका पिढीनं विद्यार्थी असताना घेतली, कारण त्यांनी मॉर्फिनची गोळी लिहिताना कुणाला पाहिलंच नव्हतं. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात कॅन्सरच्या रोग्याची वेदना मोजणं आणि निदान साध्या भाषेत सांगणं, या दोन्ही गोष्टी लिहून घातल्यात. त्या मुलांच्या हातात प्रिस्क्रिप्शनचं पॅड आत्ता कुठे येतंय.

मराठी वाचकाला या क्षेत्रात अभिमान बाळगायला जागा आहे. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसोझांनी काढलं, त्याची एक शाखा गोव्यात लोटलीला आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, आणि तिथे रोग्याबरोबर घरच्या माणसालाही ठेवून घेऊन काळजी कशी घ्यायची ते शिकवतात. या विषयातली पहिली एमडी टाटा मेमोरियलमध्ये २०१२ साली सुरू झाली. महाराष्ट्र सरकारचं धोरण त्याच साली आलं. गुजरातही मागे नव्हतं: या कामातल्या डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना १९९४ साली नोंदवली गेली ती अहमदाबादला, आणि तिथल्या सरकारी कॅन्सर संस्थेत, जीसीआरआयमध्ये, वेदनाशमनाचं काम जुनं आहे. बडोदा जिल्ह्यात वाघोडिया तालुक्यातल्या गोरजला अनुबेन ठक्करांनी उभ्या केलेल्या मुनि सेवा आश्रमानं या शतकाच्या सुरुवातीला कॅन्सरचं रुग्णालय काढलं. त्या आवारात वृद्धांची आणि मतिमंद स्त्रियांची निवासं आधीपासून होती. पण वांद्रे, वारजे, गोरज या सगळ्या जागा आहेत. रोगी त्यांच्यापर्यंत जातो, त्या त्याच्यापर्यंत येत नाहीत. निदान दांडिया बाजारातल्या दुसऱ्या मजल्यापर्यंत रात्री तीन वाजता येत नाहीत.

केरळनं हे उलटं केलं. कालिकतला १९९३ साली डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी संस्था काढली, तिच्याभोवती गल्लीगल्लीत शिकवलेल्या स्वयंसेवकांचं जाळं पसरलं, २००८ साली राज्यानं धोरण केलं, आणि घरोघर जाणारी नर्स पंचायतीच्या खर्चात बसली. त्याची नक्कल होत नाही म्हणून सगळे हळहळतात. मला वाटतं, नक्कल करायचा हट्टच सोडावा. केरळात पंचायत बळकट आहे. बडोद्यात काय बळकट आहे? पोळ, मंडळ, मंदिर, गुजराती महाजन, मराठी संस्था, गणपती. ज्या गल्लीत दहा दिवस मंडपावर पाळ्या लावल्या जातात, तिथे एका घरी आठवड्यातून दोन दुपारी काकूंना झोप मिळावी म्हणून बसायची पाळी लावायला सरकारी ठराव लागत नाही.

पैशाचं गणित मात्र सरकारचंच आहे. गुजरातेत आयुष्मान कार्डाची मर्यादा २०२३ पासून कुटुंबाला दहा लाख झाली. केमोच्या प्रत्येक चक्राला कार्ड चालतं. पण योजना मुळात इस्पितळात दाखल होणाऱ्यासाठी बेतलेली. ओपीडीतली चिठ्ठी आणि घरातली काळजी तिच्याबाहेर. खासगी विम्याची पॉलिसीही साधारण तशीच. त्यामुळे घरी नर्स आणणं हे खिशातून आणि केमोची आणखी एक बाटली कार्डातून, अशी निवड घरच्यांपुढे येते. डॉक्टरला ‘आता केमो थांबवू’ म्हणायचं धैर्य होत नाही, याचं एक कारण इथेही आहे: केमो थांबला की देण्याजोगं, कार्डात बसणारं, दुसरं काहीच त्याच्याकडे नसतं. रेल्वेचं धोरण या बाबतीत थोडं शहाणं आहे. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या रोग्याला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट फुकट, आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत. रोग्याबरोबर आणखी एक माणूस असतो हे निदान रेल्वेला तरी माहीत आहे.

आणि चूपचाप. आपल्या काकांना मानेतली गाठ काय आहे ते सांगितलेलं नाही. मुलानं डॉक्टरांना दाराबाहेर गाठून तसं सांगून ठेवलंय. काकूंना माहीत आहे, काकांना माहीत आहे असं काकूंनाही वाटतं, आणि तिघंही एकमेकांसमोर ‘सारुं थई जशे’ (बरं होईल) म्हणतात. बडोद्यातल्या मराठी घरात धीराची भाषा बरेचदा गुजरातीच असते. ही माया खरी आहे, तिची टिंगल करू नये. पण तिची किंमत काकांना पडते. बँकेतलं नाव बदलायचं राहतं, धाकट्या भावाशी मोडलेलं बोलणं राहतं, पंढरपूरला एकदा जायचं राहतं. या कामात मुरलेले डॉक्टर सगळं एकदम सांगून मोकळे होत नाहीत. आधी रोग्यालाच विचारतात, ‘तुम्हाला काय कळलंय? अजून किती जाणून घ्यायचंय?’ कधी उत्तर येतं, ‘मुलाला सांगा, मला नको.’ तोही त्याचा अधिकार. न विचारता ठरवणं एवढंच चुकीचं.

तेव्हा बडोद्यात काय करता येईल? मोठ्या इमारतीची गरज नाही. कॅन्सरचे उपचार करणाऱ्या प्रत्येक इस्पितळानं मॉर्फिनची मान्यता घ्यावी. ती नसेल तर रोग्यानं आणि नातेवाइकांनी का नाही असं पहिल्याच भेटीत विचारावं. रक्तदाब लिहितात त्याच कागदावर शून्य ते दहा असा वेदनेचा आकडा नर्सनं लिहावा, आणि तो चारच्या वर असेल तर डॉक्टरांनी त्यावर काहीतरी केल्याशिवाय पुढची तारीख पडू नये. केमोच्या वॉर्डातल्या एका नर्सकडे संध्याकाळी उचलला जाईल असा एक फोन असावा. आणि घरी जाणारी एक टोळी असावी, डॉक्टर, नर्स आणि एक स्कूटर, जिला फत्तेगंज, वाडी, मांजलपूर हे भाग पाठ आहेत. आठवड्यातून एक फेरी पुरते. बाकीचं काकू करतील. त्या आत्ताही करतातच, फक्त त्यांना कुणी दाखवलेलं नाही.

टाटाला जायचं असलं तर काका रात्रीच्या मेलनं मुंबईला जातील, परळला रांगेत बसतील, कागद दाखवतील, दुसऱ्या दिवशी परत येतील. अशा चकरा कमी व्हाव्यात म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी केमोचा कागद बडोद्याच्या डॉक्टरांना लिहून देण्याची पद्धत बरीच रुळली आहे. त्याच कागदावर दुखण्याचीही एक ओळ असावी: कोणती गोळी, किती वाजता, उतार पडला नाही तर बडोद्यात कुणाला फोन करायचा, नाव आणि नंबरासकट.